शेक संपले, मग कातडी आता का सोलतेय?

पत्र:

"आमचे हे बावन्न वर्षांचे. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग किरणांचे तीस शेक दिले. शेवटचा शेक आखाजीच्या आदल्या आठवड्यात झाला. शेक चालू होते तोवर मानेची कातडी नुसती काळी पडली होती. घरी आल्यावर आठवडाभराने ती सोलायला लागली. आता कॉलर लागते तिथे ओलं झालंय, पिवळं साचतं. मी रोज सकाळी जंतुनाशकाच्या पाण्यात कापूस बुडवून ते घासून काढते. सासूबाई म्हणतात, दाय खाल्ली का पू होतो, डाळ बंद करा, हळद-लोणी लावा. दीर म्हणतात केळीच्या खांबाचं पाणी लावा. पुतणी जळगावला बायोटेक शिकते. तिने सांगितलं, शेकाच्या जखमेत कातडीतली प्रोटीनं बदलतात, तसं संशोधन आहे. ते ऐकून यांनी मेडिकलमधून प्रोटीन पावडरचे दोन डबे आणले आणि आता त्यातली थोडी जखमेवर भुरभुरायची का, असं विचारताहेत. किरणं लागतील म्हणून सासूबाई आमच्या नातवाला यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. अजून एक. चुलतसासूबाईंना नऊ वर्षांपूर्वी छातीला शेक दिले होते. तिथली कातडी कडक झालीय आणि काखेजवळ एक छोटी जखम चार महिने भरत नाही. तेही प्रोटीनमुळेच का? नाव छापू नये."

— एक वाचक भगिनी, यावल तालुका

उत्तर:

ताई, तातडीचं होतं ते फोनवर बोलून झालंय: घासणं बंद, जंतुनाशक बंद, जखमेवर पावडर नाही, आणि चुलतसासूबाईंना आधी सर्जनला दाखवायचं. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण असं पत्र एकट्या तुमचं नाही. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे गावोगाव आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण पुडी कुठे मिळते हे शाळेतली पोरंही सांगतात. तो विषय पुन्हा कधीतरी.

पुतणी म्हणते ते खरं आहे. शेक बसलेल्या कातडीत प्रथिनं बदलतात. पण घरात त्याचा अर्थ "प्रथिनं कमी पडली, बाहेरून भरा" असा घेतला गेला आणि तिथेच घोटाळा झाला. इथे प्रश्न तुटवड्याचा नाही. पेशी एकमेकींना निरोप देतात ते प्रथिनांमार्फत: थांब, सूज आण, भर, बांध, आता पुरे. शेकानंतर हे निरोप वेळ सोडून जातात. काही गरजेपेक्षा जास्त जातात, काही जातच नाहीत, आणि "आता पुरे" हा निरोप तर कधीकधी वर्षानुवर्षं पोचत नाही. एवढं लक्षात ठेवलंत की काय लावायचं, काय नाही, काय खायचं, हे निर्णय सोपे होतात.

आपण सगळे शेक म्हणतो, पण ही जखम तव्याने किंवा वाफेने भाजल्यासारखी नाही. तुमच्या यजमानांच्या फाइलवर तीस शेकांचा मिळून डोस ६० ग्रे लिहिला आहे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. साठच्या साठ ग्रे एका दमात दिले आणि त्या सगळ्याची उष्णता झाली, तरी तिथल्या मांसाचं तापमान एका अंशाच्या सत्तराव्या हिश्श्याइतकंच वाढेल. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर दुपारी दहा मिनिटं उभं राहिलं तरी कातडी याहून कितीतरी जास्त तापते. इजा उष्णतेने होत नाही. किरणं पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून ऑक्सिजनची अतिशय आक्रमक रूपं तयार होतात, आणि ती पेशीच्या केंद्रातला डीएनए तोडतात. काही ठिकाणी किरणं तो थेटच तोडतात. कॅन्सरची पेशी मरते ती यानेच, आणि वाटेतल्या कातडीला मार बसतो तोही यानेच.

मग शेक संपल्यावर का सोललं? कातडीचा सगळ्यात खालचा थर नव्या पेशी तयार करतो. तिथे जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. शेकाचा मार बसतो तो या खालच्या थराला. वरचे थर आधीच तयार असतात, ते आपल्या गतीने गळत राहतात, आणि खालून नवी भरती येत नाही. केळीचा कंद आतून सडला तरी वरची पानं काही दिवस हिरवी दिसतात, तसं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग बदलतो, आणि सगळ्यात वाईट दिवस येतात ते शेवटच्या शेकानंतर एक ते दोन आठवड्यांनी, नेमके पेशंट घरी आल्यावर. "शेवटी शेवटी मशीनवर जास्तच दिलं वाटतं" असा संशय घेऊन माझ्याकडे येणारी माणसं थोडी नाहीत. डोस शेवटी वाढवला म्हणून असं होत नाही, सहा आठवड्यांचा हिशेब कातडी उशिरा दाखवते.

हा उशीर शंभर वर्षांहून जुना आहे. १९०१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बेकरेल किरणं सोडणाऱ्या रेडियमची नळी खिशात घालून फिरले. त्या वेळी त्यांना काही जाणवलं नाही, कातडी लाल झाली ती काही दिवसांनी. त्याच सुमारास त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांनी मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम बांधून तीच गोष्ट तपासली आणि दोघांनी मिळून निरीक्षणं छापली. किरणांनी रोगट मांस नष्ट करता येईल, ही कल्पना अशा जखमा पाहूनच बळावली.

आता प्रथिनांकडे. तुमच्या पुतणीला हा भाग आवडेल, तुम्हाला कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. पी-५३ नावाचं एक प्रथिन पेशीत कायम बनत असतं आणि बनलं की लगेच मोडून टाकलं जातं, साठू दिलं जात नाही. डीएनए तुटला की हे मोडणं थांबतं. काही तासांत पी-५३ साचतं आणि पेशीला सांगतं: विभाजन थांबव, दुरुस्ती कर, नाही जमलं तर मर. त्याच वेळी जखमी पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी प्रथिनं बाहेर सोडतात. त्यांच्या हाकेने रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, सूज येते, आग होते. साध्या जखमेत ही हाक काही दिवसांत शांत होते. इथे सोमवार ते शुक्रवार रोज नवा शेक, म्हणजे एक हाक शांत व्हायच्या आत दुसरी. केराटिन या कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचंही तसंच. चांगल्या कातडीत खालच्या थरात केराटिन ५ आणि १४ असतं, पेशी वर सरकल्या की १ आणि १०. जखम झाली की कडेच्या पेशी ६, १६, १७ या जातीचं केराटिन बनवू लागतात, सरपटत आत येऊन जखम झाकायची ही त्यांची तयारी असते. शेकाच्या जखमेतही ही तयारी होते, पण सरपटायला पेशीच कमी उरलेल्या असतात. म्हणून ती भरते, पण रेंगाळत.

तुम्ही रोज सकाळी पुसून काढता ते पिवळं बहुतेक पू नाही. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं, ते जखमेवर पाझरलं की त्याचं फायब्रिन होतं: पातळ, फिकट पिवळा, ओलसर पापुद्रा, ज्याला वास नसतो. शरीराने तात्पुरतं घातलेलं ते आच्छादन आहे. आणि आता एक काम करा. दिवसाच्या उजेडात, चष्मा लावून त्या ओल्या जागेकडे बघा. मधूनच साबुदाण्याएवढे फिकट गुलाबी ठिपके दिसतील, आजूबाजूपेक्षा किंचित कोरडे. ते जंतू नाहीत, बुरशी नाही. केसांच्या मुळाशी वाचलेल्या पेशी वर येऊन तिथे नवी कातडी घालताहेत. मानेवर, दाढीच्या हद्दीत केसांची मुळं भरपूर, म्हणून ठिपकेही भरपूर. हे ठिपके पसरत पसरत एकमेकांना भिडतात, कडेनेही कातडी आत येते, आणि बहुतेकांची जागा दोन ते चार आठवड्यांत झाकली जाते. कापसाने घासलं की सगळ्यात आधी निघतात ते हेच ठिपके. तुमची मेहनत आणि माया दोन्ही खरी, पण रोज सकाळी जखम पुन्हा मागे जात होती. जंतुनाशकाचंही तेच, ते नव्या पेशीला ओळखत नाही.

त्याऐवजी असं करा. उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाइन जखमेवरून नुसतं वाहू द्या. आजूबाजूला साबण लावायचाच असेल तर सौम्य, हाताने, घासणी नको. मऊ धुतलेल्या सुती कापडाने टिपा. मग न चिकटणारी पट्टी: पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी मेडिकलमध्ये मिळते, सिलिकॉनची मिळाली तर उत्तम, ती महाग असते पण काढताना कातडी सोबत घेऊन येत नाही. चिकटपट्टी मानेवर कुठेही लावू नका. पट्टी धरायला वरून सैल सुती उपरणं पुरतं. पट्टी सुकून चिकटली तर ओढू नका, पाणी सोडून पाच मिनिटं थांबा. चांदीचं मलम, स्टेरॉइडचं मलम ही दोन्ही उपयोगी असतात, पण कोणत्या टप्प्यावर कोणतं, हे तुमच्या शेकाच्या डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा. आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरलाही विचारा, पण शेवटचा शब्द शेकाच्या डॉक्टरांचा. तिथे दाढी करायची नाही. शर्ट बिनकॉलरचा, बंडी असली तर आणखी बरं.

पू झाला हे ओळखायचं कसं? घाण वास, घट्ट हिरवट स्राव, दुखणं कमी व्हायचं ते वाढत जाणं, कडेची लाली किंवा गरमपणा रोज पुढे सरकणं, अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. जखमेत काळा कडक भाग दिसला तरीही. आणि मानेतून ताजं लाल रक्त वाहायला लागलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरायचं आणि दाबलेलं न सोडता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे "थोडं थांबून बघू" चालत नाही.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण यात डॉक्टरही चुकतात. पुस्तकांत या जखमेची पहिली खूण "लाली" अशी लिहिलेली असते आणि फोटो गोऱ्या कातडीचे असतात. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या कातडीवर ती लाली लाल दिसतच नाही. तांबूस-जांभळट, मग काळपट दिसते. "नुसती काळी पडली होती" असं तुम्ही लिहिलंत, ती काळी पडणं म्हणजेच सूज होती. पुढच्या कोणाला शेक चालू असतील तर रंगावर विसंबू नका. बोटाने हलकेच चाचपून पाहा: गरम लागते का, ताठ लागते का, खाज-आग आहे का. हे दिसलं की तेव्हाच सांगायचं, कातडी ओली होण्याची वाट बघायची नाही.

हळद-लोण्याचं काय? सासूबाईंना दुखावू नका, पण नको. हळद चांगली की वाईट हा वाद मी इथे घालत नाही. डब्यातली हळद आणि घरचं लोणी निर्जंतुक नसतं, हळदीचे कण ओल्या जखमेत रुतून बसतात, ते काढायला पुन्हा घासावं लागतं, आणि पिवळ्या रंगाखाली खरा पू लपतो. केळीच्या खांबाचं पाणी तर अजिबात नको. त्याचा डाग धोतरावरून जात नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. तुरट असतं, कातडी आवळतं, आणि बागेतली माती-बुरशी त्यासोबत येते. प्रोटीन पावडर जखमेवर भुरभुरणं म्हणजे जंतूंना पंगतीला बसवणं. दुधाची भुकटी, साखर, सोया, ओलावा आणि अंगाची ऊब, त्यांना आणखी काय हवं? शिवाय त्या पावडरीतलं प्रथिन पेशीच्या निरोपांच्या कामाचं नसतं. ते आधी पोटात जाऊन पचावं लागतं, त्याचे अमिनो आम्लांपर्यंत तुकडे व्हावे लागतात, मग पेशी त्यातून आपल्याला हवं ते बनवते. कोलॅजेन या कातडीला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाच्या महाग मलमांनाही हेच लागू. कोलॅजेनचा रेणू एवढा मोठा असतो की तो कातडीतून आत शिरत नाही.

आणि डाळ बंद करू नका. डाळीने पू होत नाही. पू होतो जंतूंनी. उलट अशा पेशंटला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात: वजनाच्या दर किलोला दिवसाला एक ते दीड ग्रॅम. यजमान ५० किलोच्या घरात असतील तर ५० ते ७५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम येतात, अर्धा लिटर दुधातून सोळा, पाऊण वाटी कच्च्या तूरडाळीच्या वरणातून जवळपास तितकेच, मूठभर दाण्याच्या कुटातून आठ-दहा. म्हणजे डब्यांशिवायही भागतं. पण तोंड सोललेलं असणार आणि जबडा नीट उघडत नसणार, म्हणून खरी अडचण आहे ती गिळण्याची. उडदाच्या डाळीचं घुटं पातळ करून द्या, मिरची न घालता. फुणके कढीत पूर्ण कुस्करून द्या. कळण्याची भाकर दुधात भिजवून मऊ करून द्या. शेवभाजीची तर्री आणि काळा मसाला सध्या कपाटात राहू दे, कितीही हट्ट केला तरी. हे सगळं करूनही वजन उतरत असेल तर पावडर जरूर द्या, दुधात ढवळून. मग तिचा उपयोग आहे. कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्वही लागतं. लिंबू झोंबेल, त्याऐवजी पिकलेली पपई घोटून द्या. जीवनसत्त्वांच्या जास्त ताकदीच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका.

आता चुलतसासूबाई. ही जखम दिसायला छोटी आहे, पण मला काळजी तिचीच जास्त आहे.

यजमानांची जखम पेशी मेल्याची आहे, काकूंची जखम न थांबलेल्या दुरुस्तीची. यात मुख्य नाव टीजीएफ-बीटा. हे प्रथिन कातडीत एरवी बांधलेल्या, निद्रिस्त अवस्थेत पडून असतं. शेकातून निघालेली ऑक्सिजनची आक्रमक रूपं त्याचं बंधन सोडवतात. मोकळं झालेलं टीजीएफ-बीटा जखमेच्या सुरुवातीला कामाचं असतं. ते फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींना बोलावतं, त्या कोलॅजेन विणतात, जखम भरते. साध्या जखमेत काम झालं की हा निरोप थांबतो आणि बांधकाम करणाऱ्या जादा पेशी मरून जातात. शेकाच्या जागी तो काहींच्या बाबतीत थांबत नाही. फायब्रोब्लास्ट स्नायूसारखे आकुंचन पावणारे बनतात, कोलॅजेनवर कोलॅजेन रचत जातात. कोलॅजेन कापून नेणारी एमएमपी गटातली प्रथिनं आणि त्यांना आवर घालणारी टीआयएमपी गटातली प्रथिनं, यांचा तोल आवर घालणाऱ्यांकडे झुकतो. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर शेकाने दुखावलेलं असतं, त्या हळूहळू बुजत जातात. नव्या वाहिन्या काढायला सांगणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन आहे, पण जिथे फुटायला धड वाहिनीच उरलेली नाही तिथे त्याचा निरोप अपुरा पडतो. नऊ वर्षांनी हाताला लागते ती कडक, चकचकीत, चिमटीत न येणारी कातडी, वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा. पुतणीला मी मुद्दाम हेच सांगेन: पहिल्या आठवड्यात जे प्रथिन मदतीला येतं, तेच पाचव्या वर्षी त्रास देतं. "अमुक प्रोटीन वाढलं" एवढ्या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या दिवशी वाढलं, हे आधी विचारायचं.

अशा कातडीला ब्लाउजची शिवण घासली, डास चावून खाजवलं, तरी जखम होते आणि भरायला रक्त पुरत नाही. चार महिन्यांची जखम म्हणजे आणखी मलमं बदलत बसायचं नाही. पहिला प्रश्न हा की ही नुसती शेकाची जखम आहे, की जुना कॅन्सर परत आलाय, की त्या कातडीत नवा झालाय. डोळ्यांनी बघून हे कोणालाही सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. पण त्या कातडीत सुरी लावली की ती जागाही नीट भरत नाही, म्हणून हा तुकडा गावात, घाईत, कोणाकडूनही काढून घ्यायचा नाही. जिथे शेक झाले तिथले जुने कागद घेऊन कॅन्सरच्या सर्जनकडे जा: किती ग्रे, कुठे, कधी. कागद हरवले असतील तर दवाखान्याकडे नोंद मागा. कॅन्सर नाही असं निघालं तर उपाय आहेत. पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व ही जोडी कडकपणासाठी महिनोन्महिने देतात. मोठ्या शहरांत दाबाच्या कक्षात ऑक्सिजन देण्याची सोय असते. आणि काही वेळा ती सगळी जागा काढून, शेक न लागलेल्या भागातलं मांस आणि कातडी त्याच्या रक्तपुरवठ्यासकट आणून बसवतात. शेवटचा उपाय ऐकून काकू घाबरतील. तरी वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेपेक्षा कधीकधी तोच सरळ असतो. मेडिकलमध्ये "ग्रोथ फॅक्टर"चं जेल दाखवलं तर घेऊ नका. तेही निरोप देणारं प्रथिनच आहे आणि वाढायला सांगतं. कॅन्सरची शंका असलेल्या जागी ते लावत नाहीत.

पुतणीसाठी अजून थोडं. ती वाचते त्या शोधनिबंधांत बहुधा उंदराच्या पाठीवर किंवा पायावर एकच मोठा डोस देतात, ठरावीक दिवशी कातडीचा तुकडा काढतात, त्यातली प्रथिनं एन्झाइमने तोडून मास स्पेक्ट्रोमीटरमधून तोलतात, आणि डोस न दिलेल्या कातडीशी ताडून कोणती वाढली, कोणती घटली याची शेकडो नावांची यादी निघते. काम मोलाचं आहे. कोणाची कातडी जास्त सोलणार, हे पहिल्याच आठवड्यात रक्तातून किंवा पट्टीवरच्या स्रावातून ओळखता यावं, असा त्यामागचा हेतू. पण उंदराची कातडी पातळ, सैल, केसाळ. तिची जखम बरीचशी आकसून मिटते, माणसाची जास्त करून नवी कातडी सरकून. आणि एकदम दिलेला मोठा डोस म्हणजे सहा आठवडे रोज दोन-दोन ग्रे नव्हे. त्या यादीतल्या नावावरून घरात औषध ठरवायचं नाही. वाचत राहा म्हणावं, आणि जखमेचा फोटो दर दोन दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, शेजारी मोजपट्टी धरून काढायचं काम तिच्याकडे द्या. डॉक्टरांना दाखवायला याहून उपयोगी काही नाही.

नातू आजोबांच्या मांडीवर खुशाल बसू दे. बाहेरच्या मशीनने दिलेले शेक खोलीतला दिवा मालवल्यासारखे बटण बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही, घामातून-थुंकीतून काही बाहेर येत नाही. जपायचं ते एवढंच की पोरगं मानेच्या ओल्या जागेला हात लावणार नाही. त्या हातांना माती असते.

बागेत जायला यजमान उतावीळ असतील. जागा पूर्ण झाकली जाईपर्यंत नको. ठिबकचं खत आणि फवारणीचं औषध त्या कातडीवर पडणं तर पुढेही टाळायचं. नंतर जातील तेव्हा पहाटे, नाही तर ऊन उतरल्यावर, मानेवर सुती उपरणं घेऊन. त्या भागाला उन्हापासून जपणं आता कायमचं.

आणि दात. यजमानांच्या जबड्याच्या हाडालाही हाच शेक बसला आहे आणि हाडातल्या रक्तवाहिन्याही अशाच बुजतात. पुढे कधी दाढ दुखली तर बाजाराच्या दिवशी जवळच्या दवाखान्यात जाऊन उपटून यायचं नाही. काढलेल्या दाताची जागा कधीकधी भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. हा धोका पाच-दहा वर्षांनीही असतो. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं: मला शेक झालेत, ६० ग्रे, ही फाइल. फाइलची एक झेरॉक्स घरात ठेवा आणि एक यजमानांच्या पाकिटात.